दोघांपुरतं पाणी

"आरओ दाखवूच नको," यमुताई म्हणाल्या. "पूर आला का पहिले लाइट जाते. मग त्या डब्ब्याची आरती करू का मी?"

मिनल हसली. "म्हणून तर दोन्ही बिनलाइटचे आणलेत, काकू."

ती कामाला होती त्या सीताबर्डीच्या दुकानातून तिनं दोन फिल्टर ऑटोत घालून आणले होते. एक लहान, एक मोठा. वरच्या टाकीत पाणी ओतायचं, ते चिनी मातीच्या कँडलमधून झिरपत खालच्या टाकीत उतरतं. ना वायर, ना बटण. नाल्याकाठच्या या कॉलनीत गेल्या वर्षीच्या पुरापासून असे फिल्टर बरेच खपत होते.

फाटकातच शेजारच्या कांताबाईंनी तिला गाठलं होतं.

"यमुकडे आली ना वं? जरा सांभाळून बोलजो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मधुकरराव गेले तिचे त्या पुरात. घरातलं प्यायचं पाणी संपलं म्हणून कॅन आणाले निघाले, अन् नाल्यानं नेले. बॉडीबी नाही भेटली. तिनं कुंकू नाही पुसलं. रोज त्यांच्या नावानं ताट वाढते अन् आतल्या खोलीत नेऊन ठेवते. आम्ही कोणी काही म्हणत नाही. तूबी हो ले हो कर."

मिनलला हे नवं नव्हतं. आई गेल्यावर तिचे बाबा सहा महिने दोन कप चहा गाळत होते. दुसरा कप ती निमूटपणे पिऊन टाकायची. दुःखाशी हुज्जत घालायची नसते, एवढं ती तेव्हाच शिकली होती.

हॉलमध्ये टीव्हीवर कीर्तन लागलं होतं, इतकं मोठ्यानं की शोकेसमधल्या कपबशा किणकिणत होत्या.

"त्यांच्यासाठी लावते," यमुताई म्हणाल्या. "नाहीतर बोलतच राहतात."

"हो का," मिनल म्हणाली आणि नळाचं पाणी लहान फिल्टरमध्ये ओतलं.

पाणी उतरायला वेळ लागतो. यमुताई टाकीसमोर पाट घेऊन बसल्या. गिलासभर पाणी जमलं तसं त्यांनी ते उजेडात धरलं, हुंगलं, एक घोट घेऊन बराच वेळ तोंडात ठेवला.

"नालीचा वास नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मी वीस मिनिटं उकळते, घड्याळ लावून. पण एकटीनं किती उकळावं? मग त्यांले मोजूनच द्यावं लागते. उन्हाळाभर पाणी-पाणी करून राहिले होते."

मिनलनं वरच्या टाकीत आणखी पाणी ओतलं.

"त्या दिवशी घरात एक तांब्या जरी चांगलं पाणी असतं ना," यमुताई म्हणाल्या, "तर ते बाहेर गेलेच नसते. पाणी भरून असलं का माणूस घरात राहते. मले दुसरं काही नको. पुन्हा पूर आला तर त्यांनी उंबरा ओलांडू नये, बस."

"नाही ओलांडणार, काकू."

"दुसऱ्या दिवशी पहाटे आले होते. मागच्या दारानं. चिखलानं माखलेले, पाय मोडलेला. मी आंघोळ घातली, निजवलं. म्हटलं, आता कुठं जायचं नाही. तर रोज एकच, बाहेर जातो, बाहेर जातो." त्यांनी पदरानं गिलासाची कड पुसली. "लहानपणापासून हट्टी, असं सासूबाई सांगायच्या."

मोठा फिल्टर विकला असता तर दुकानात शाबासकी मिळाली असती. पण यमुताईंची मनगटं सुजलेली होती, आणि भरलेली मोठी टाकी दोघांशिवाय हलत नसे.

"काकू, लहानच घ्या. धुवायला सोपा. पुरेल तुम्हाला."

"दोघांले?"

"दोघांना."

"अन् पंधरा दिवस पाणी नाही ओसरलं तर?" यमुताईंनी मान हलवली. "मोठाच ठेव."

"तुम्हाला उचलणार नाही तो."

"उचलीन. त्यांच्यासाठी उचलीन."

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. मिनलला एकच वाट दिसली. "मी काकांना विचारू का? ते म्हणतील तो घेऊ."

यमुताईंचा चेहरा एकदम उजळला. वर्षभरात या घरात मधुकररावांना कोणी काका म्हटलं नव्हतं.

"विचार ना वं! मी तोवर चहा टाकते." स्वयंपाकघराच्या दारातून त्या वळल्या. "फक्त ते काही मागतील, तर हो म्हणू नको. समजलं?"

"समजलं."

चहाचं भांडं गॅसवर चढल्याचा आवाज आला. आपला प्रश्न यमुताईंना नीट ऐकू जावा म्हणून मिनलनं टीव्ही बंद केला. घर इतकं शांत झालं की ती जराशी दचकलीच. मग ती आतल्या खोलीच्या बंद दारापाशी गेली. उत्तर तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. काका म्हणाले, लहान घे.

"काका," ती मोठ्यानं म्हणाली, "फिल्टर लहान घ्यायचा की मोठा?"

शोभेल इतका वेळ ती थांबली, आणि परत जायला वळली.

"लहान-मोठं राहू दे, बेटा," दाराच्या खालच्या फटीतून दबका आवाज आला. "यमु चहा आणते तोवर ही बाहेरची कडी काढ."