पिवळ्यांचा दुसरा गोल

टीव्हीवर हॉकीची उपांत्य फेरी रंगात आली होती. सासरे निळ्यांच्या बाजूचे, मी पिवळ्यांची. चिडवाचिडवीनं घर डोक्यावर घेतलं होतं. आमचा दुसरा गोल झाला आणि मी ओरडले, "बाबा, आता हसून दाखवा!" ते हसले, पण ओठांची डावी बाजू हललीच नाही. "बाबा, थट्टा पुरे." त्यांना बोलताच येईना. मी धावत जाऊन शेजाऱ्यांचं दार वाजवलं. त्यांच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कधी सुरू झालं? पक्षाघात दिसतोय; गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं का, ते त्यावरच ठरेल." घड्याळ मी पाहिलंच नव्हतं. "पिवळ्यांचा दुसरा गोल झाला तेव्हा," मी रडत म्हणाले. नर्स चटकन वळली. "बाहेरच्या टीव्हीवर मीही पाहिला, डॉक्टर. पाऊण तासच झालाय." स्कॅन झाला, इंजेक्शन दिलं. मी जीव मुठीत धरून बाबांच्या लुळ्या डाव्या हाताकडे बघत राहिले. कितीतरी वेळानं करंगळी हलली.