सातवी तक्रार

सुताराने ड्रिल हातात तोलून पाहिलं, बिट लावून दोनदा फिरवलं आणि खिशातून मोबाइल काढून खोक्यावरच्या नंबराचा फोटो घेतला.

"घरी विचारून सांगतो," तो म्हणाला.

"घरी विचारणार की मोबाइलला?" मालकांनी विचारलं.

सुतार ओशाळून हसला आणि पायरी उतरून गेला. मालकांनी वायर गुंडाळून ड्रिल पुन्हा खोक्यात ठेवलं. तीस वर्षं त्यांनी या दुकानात विजेची अवजारं विकली होती. आता लोक इथे नुसतं हाताळून बघायला यायचे. घ्यायचं ते ऑनलाइन, आणि बिघडलं की "जरा बघता का" म्हणत पुन्हा इथेच.

"मालक, आपणही ऑनलाइन टाकू या की," मागच्या बाकावरून मिस्त्री म्हणाला. दुरुस्तीचं काम तो बघायचा. "ताई तेव्हा सांगत होत्या..."

"तू ते ग्राइंडर संपव आधी."

मिस्त्रीने ग्राइंडर पुढे ओढलं. ताई म्हणजे मालकांची एकुलती एक मुलगी. ती याच दुकानात लहानाची मोठी झाली होती. चार वर्षांपूर्वी दुकान ऑनलाइन न्यायचं तिने मनावर घेतलं आणि बापलेकीचं कडाक्याचं वाजलं. "माझ्या दुकानात माझंच चालेल," मालक म्हणाले. "मग चालवा," ती म्हणाली, आणि बॅग भरून दूरच्या शहरात नोकरीला निघून गेली. तेव्हापासून ना तिने फोन केला, ना यांनी. दोघंही एकाच मातीची.

मिस्त्रीला कोडं होतं ते वेगळंच. ऑनलाइनच्या नावाने दिवसभर बोटं मोडणारे मालक गेल्या वर्षभरात स्वतःच एकाच कंपनीकडून मशीनं मागवत होते. तीही मिस्त्रीच्या नावावर, मिस्त्रीच्या घरच्या पत्त्यावर.

"समोरच्याचा माल पारखायला नको?" पहिल्या वेळी ते म्हणाले होते.

आज सकाळी मिस्त्री सातवं खोकं घेऊन आला. रंधा मशीन. मालकांनी ते लगेच उघडलं नाही. आधी काउंटर पुसला, चष्मा पुसला, घड्याळात अकरा वाजायची वाट पाहिली. मग खिशातून रुमाल काढला आणि कंपनीच्या तक्रारीचा नंबर लावला. रुमाल नेहमीसारखा तोंडावर धरला. दुकानदार बोलतोय हे कळलं तर कोणी ऐकून घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

पलीकडून पुरुषाचा आवाज आला. मालकांनी फोन ठेवून दिला.

"का हो?"

"हे नुसत्या पाट्या टाकतात. ती बाई नीट ऐकून घेते."

पुन्हा लावला. पुन्हा पुरुष. पुन्हा ठेवला. तोवर मिस्त्रीने मशीन उघडून, फिरवून, कान लावून पाहिलं.

"मालक, यात काही खोट नाही. आधीच्या सहातही नव्हती. तुम्ही उगाच..."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मिस्त्रीला हसू आलं. मशीनमधलं त्याला नाही तर कोणाला कळणार? तक्रारीचे हे फोन हल्ली लांबतच चालले होते. मशीनचं बोलून झालं की मालक विचारायचे, "दिवसभर बोलून घसा नाही बसत तुमचा?" कधी विचारायचे, "जेवायला तरी सोडतात का वेळेवर?" मागच्या खेपेला मिस्त्रीने विचारलंच होतं, "तक्रार करताय की सोयरीक जमवताय?" मालक खळखळून हसले होते. मग पाठ फिरवून बराच वेळ तेच एक कपाट पुसत राहिले होते.

तिसऱ्यांदा फोन लागला आणि मालक ताठ बसले.

"नमस्कार. बोला, काय अडचण आहे?" बाईचा आवाज.

"रंधा मशीन आहे. घरघर करतं."

"लाकडावर चालवून पाहिलंत?"

"पाहिलं. ऐकवू का?"

त्यांनी फळीवर मशीन चालवलं. भुसा उडाला. मालकांना खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. त्यांनी मशीन बंद केलं, पाण्याचा घोट घेतला आणि रुमाल पुन्हा सावरला.

"ऐकलंत?"

"ऐकलं." बाई थोडी थांबली. मग वाचून दाखवावं तशी बोलू लागली, "ही तुमची सातवी तक्रार आहे. परत आलेल्या सहाही मशीनमध्ये दोष सापडलेला नाही. कंपनी आजपासून तुमचं खातं बंद करत आहे. यापुढे तुम्हाला इथून काही मागवता येणार नाही. या नंबरवर तुमचा फोनही घेतला जाणार नाही."

फोन स्पीकरवर होता. सुटलो एकदाचे, असं मिस्त्रीच्या मनात आलं. त्याने मालकांकडे पाहिलं आणि ते मनातच राहिलं. मालकांचा चेहरा पार उतरला होता. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"असं करू नका, बाई," ते म्हणाले. "मशीन चांगलं आहे. माझंच चुकलं. परत नाही पाठवणार, तक्रारही नाही करणार. मागवायचं बंद करा हवं तर. पण फोन तेवढा चालू राहू द्या."

तीस वर्षांत मालकांनी कोणाची अशी विनवणी केलेली मिस्त्रीने ऐकली नव्हती. तो हातातलं काम सोडून उभा राहिला.

पलीकडून नुसते मागचे इतरांचे आवाज येत होते, कोणी कोणाला नमस्कार म्हणत होतं. मग बाई बोलली, अगदी हळू, शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशी.

"खोकला किती दिवसांचा आहे, बाबा?"