न उघडलेली गुंडाळी

"तुम्ही माझ्या आईचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवलंत!"

कलेच्या इतिहासावरचं ते जाडजूड पुस्तक लेकीने संशोधन संस्थेच्या संचालकांच्या टेबलावर आपटलं. शहरातल्या नाटकांचे पडदे तिच्या आईने रंगवले होते. पुस्तकात मात्र ते सगळे नाटक कंपनीच्या मालकाने रंगवले, असं छापलं होतं. लिहिणारे खुद्द संचालक.

"ताई, शांत व्हा. पुरावा नको का काही?"

"बारा वर्षांपूर्वी आईने स्वतः इथे आणून दिला. पडद्यांची कच्ची चित्रं, खाली तिच्या सह्या. कापडात गुंडाळून."

"अरेरे, ती होय! चूक आमचीच हो. माणसं अपुरी, कामाचा डोंगर. ती गुंडाळी आजतागायत कुणी उघडलीच नाही."

चूक इतक्या पटकन कबूल करणारा साहेब तिने जन्मात पाहिला नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात संचालकांनी गुंडाळी मागवली आणि मोठ्या दिमाखात तिच्यापुढे ठेवली.

"बघा. आईंनी दिली तश्शी आहे. गाठसुद्धा सुटलेली नाही."

लेकीने कापडावरून हात फिरवला. सुतळीची करकचून गाठ होती. कडेला सुईची बारीक भोकं ओळीने दिसत होती, पण दोरा नव्हता.

"साहेब, आईने आयुष्यात एकाही गुंडाळीला गाठ मारली नाही. गाठीचा वळ रंगावर उठतो, म्हणून ती सुईदोऱ्याने शिवून टाकायची. ही गाठ कोणाची, बोला!"