चाळीस वेळा उतरलेला कप्तान

सकाळपासून मेलेला कप्तान सोरिंगच्या खानावळीत चाळीस वेळा उतरला होता, आणि अजून दुपारचे बारा वाजायचे होते.

शेजारच्या गावी तिथल्या कप्तानाचं, म्हणजे गावप्रमुखाचं, मयत ठेवलं होतं आणि सगळा तालुका भेटून येत होता. मयताच्या घरून थेट आपल्या घरी कोण जातं? वाटेत कुठेतरी थांबायचं, दोन घास खायचे, म्हणजे मागोमाग आलेला मेलेला तिथेच उतरतो. थांबायला सगळ्यांना सोरिंगचीच खानावळ सापडली होती. कालव्याच्या पुलाला लागून, हमरस्त्यावर.

"येतात, गिळतात आणि म्हाताऱ्याला माझ्या गळ्यात बांधून जातात," सोरिंग म्हणाली आणि तिने उंबऱ्याबाहेर मूठभर मीठ फेकलं. "कप्तान, पुढे व्हा."

"धंदा होतोय ना? मग कशाला कुरकुरतेस," शेजारची लुमेन म्हणाली. ती अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलेलं भात दाताळ्याने उलटवत होती.

"एरवी चाललं असतं गं. आज पोन्सो यायचाय. पोरगा सहा वर्षांनी घरी येणार आणि घरात परक्याचं भूत. बरं दिसतं का?"

हे सांगताना तिच्या आवाजात आनंद वगैरे काही नव्हता. पोन्सोला शेतातला चिखल नको होता, मनिलाच्या बंदरावर जाऊन मासेमारीच्या बोटीवर चढायचं होतं. भरल्या खानावळीत तिने त्याच्या थोबाडीत दिली. तो त्याच दिवशी निघून गेला. दोन वर्षं ती रडली. मग मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय बधिर होतो, तसं आत काहीतरी झालं. मंगळवारी त्याचा निरोप आला, 'आई, कापणीला येतोय. रविवारी तीनच्या गाडीने.' तो तिने वाचला आणि पुन्हा कांदे चिरायला घेतले. नंतर त्याचा फोन लागला नाही, पण त्याच्या फोनचं ते नेहमीचंच. आज तिने चिंचेच्या सारातलं डुकराचं मटण केलं होतं. टेबल तीनदा पुसून झालं होतं.

बाराच्या गाडीतून तिशीचा एक माणूस उतरला. पांढरा सदरा, खिशाला मयताची काळी फीत. तो लगेच आत आला नाही. पुलावर उभा राहून त्याने कालव्यात डुंबणारी पोरं पाहिली, चर्चमागची भाताची गिरणी पाहिली. या गावाकडे असं कोणी पाहत नाही.

"काय शोधतोस रे बाबा?" सोरिंगने हाक मारली.

"काही नाही, मावशी. गाव बघत होतो."

"भात आणि ऊन. झालं बघून. ये, बस." तिने फीत पाहिली. "तूही मयताहून?"

"हो."

"म्हणजे म्हातारा आणखी एकदा आला. काय खाणार?"

"भूक नाही."

"न खाऊन कसं चालेल? तू खाल्लं नाहीस तर तो उतरणार कसा? तुझ्याच मानगुटीवर बसेल."

त्याने मान वर केली. "खाल्लं की नक्की उतरतो?"

"म्हणजे काय! सकाळपासून उतरतोच आहे."

"आणि मग इथेच राहतो?"

"राहू देते की काय मी! मूठभर मीठ, दोन शब्द, की गेला. माझं मीठ पडलेला कधी परत फिरकला नाही."

तो काही बोलणार होता, पण तिने ताट पुढे ठेवलं. सकाळच्या शेवया संपल्या होत्या, म्हणून पोन्सोच्या हंडीतलंच थोडं वाढलं. तो सावकाश जेवला. एकेक घास बराच वेळ तोंडात ठेवत होता.

"आंबट झालंय का? माझ्या मुलाला असंच लागतं," ती म्हणाली. मग समोर बसली आणि परक्या माणसाला सांगता येतं तसं तिने सगळं सांगून टाकलं. बोट, थोबाडीत, सहा वर्षं.

"आला की काय म्हणाल त्याला?" त्याने विचारलं.

"काय म्हणणार? बस म्हणेन. जेव म्हणेन. मारलं ते चुकलं, हे काही माझ्या तोंडातून निघायचं नाही. पण एकदा घरात आला की कळेल त्याला."

"कळेल," तो म्हणाला. त्याने ताट चाटूनपुसून संपवलं आणि उठला. "हात धुऊन येतो. मग तुमच्याशी जरा बोलायचंय."

तो मागच्या नळाकडे गेला. सोरिंगने घड्याळ पाहिलं. आता यापुढे कोणालाही आत घ्यायचं नाही, असं तिने ठरवलं. मिठाचा डबाच उचलला. चारही कोपऱ्यांत टाकलं, खुर्च्यांखाली टाकलं, उंबऱ्यावर जाड रेघ ओढली. सकाळपासून कप्तानाला ती अदबीने घालवत होती. आता अदब संपली.

"निघ. बस झालं तुझं," ती म्हणाली. "इथे तुझं कोणी नाही. माझा मुलगा यायच्या आत चालता हो. पुन्हा या दाराशी दिसलास तर बघ."

दाराचा पडदा जरासा हलला. तिला हलकं वाटलं. डबा रिकामा करून ती आत वळली, तेव्हा तो माणूस ओल्या तोंडाने स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने जमिनीवरचं मीठ पाहिलं, मग तिच्या हातातला डबा.

"गेला एकदाचा कप्तान," सोरिंग म्हणाली. "हं, बोल. काय बोलायचं होतं?"

"मी कुठल्या कप्तानाला ओळखत नाही, मावशी," तो म्हणाला. "मी पोन्सोच्या बोटीवर असतो. गुरुवारी तो समुद्रात पडला. अंग सापडलं नाही. रिकाम्या शवपेटीपाशी जागलो आम्ही, आणि तिथून मी कुठे न थांबता, तोंडात घास न घालता, त्याला तुमच्यापर्यंत आणलं होतं."