परीटघडीची जर्सी

"उंच खेळाडू आणणे, नवे बूट घेणे, परदेशी सल्लागार नेमणे..." चौदापैकी अकरा सामने हरलेल्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक बिडवे सर पुढच्या हंगामासाठी सुधारणांची यादी लिहीत होते. चार वाजता ती मालकांना पटली नाही, तर नोकरीवर पाणी सोडावं लागणार होतं.

संघाचे कपडे धुणाऱ्या सुगंधाताई कालच्या सामन्याच्या जर्सी न्यायला आल्या. एक उचलून त्यांनी हुंगली. "सर, ह्या धुवायच्या तरी कशाला? घामाचा पत्ता नाही. परीटघडीसुद्धा मोडलेली नाही."

सरांना हुरूप आला. कामचुकार कोण, ते आता कळणार होतं. "मग सगळ्यात जास्त घाम कुणाच्या कपड्यांना असतो?"

"तुमच्या शर्टाला! तीनदा साबण लावते मी. कडेला तुम्हीच धावता, तुम्हीच ओरडता. पास दे, मागे फिर, उडी मार! तुम्ही सांगेपर्यंत पोरं जागची ढिम्म हलत नाहीत."

गाठोडं बांधून ताई गेल्या. सरांनी यादीवर फुली मारली आणि खाली एकच सुधारणा लिहिली: प्रशिक्षकाला खुर्चीला बांधून ठेवणे.