नवऱ्याची परवानगी

माझी बायको शैलजा वारल्याचं कळताच तिची कॉलेजातली मैत्रीण लतिका दीक्षितपुऱ्याहून आली. चार बायकांसमोर मला म्हणाली, "भाऊजी, पासष्टमध्ये युनिव्हर्सिटीला खो-खोचा कप मिळाला तो तुमच्यामुळे. लढाई सुरू, फॅक्टरीत तुमची डबल ड्यूटी, तरी तुम्ही तिच्या फॉर्मवर सही करून दिली. आमच्या ह्यांनी तर तो चुलीत टाकला असता."

बायका माझ्याकडे कौतुकानं पाहू लागल्या. 'लग्न झालेली बाई मैदानात पळते काय?' म्हणत मी तो फॉर्म कोराच परत केला होता. मग ती आठ दिवस पाटणला मावशीकडे म्हणून गेली, आणि येताना गुडघा फोडून आली.

माझी सही तिनंच ठोकली होती.



तिला रागवायचं राहून गेलं.