मोतुफालाची वाटणी

मंगळवारी सकाळी सव्वादहाला मोतुफाला बेट स्वतंत्र झालं. पुढे काही बोलायच्या आत सांगून ठेवलेलं बरं, की तसं काहीही झालेलं नाही. कागदोपत्री मंगळवार आहे, सकाळ आहे, सव्वादहाही आहेत. स्वातंत्र्य तेवढं नाही.

सभाघरात चटईवर दोन टोपल्या होत्या. एक ‘होय’ची, एक ‘नाही’ची. मतदान कवड्यांनी झालं होतं. बेटावर राज्य करणाऱ्या देशाकडून हॉलोवे साहेब छापील मतपत्रिका आणि नव्याकोऱ्या पेन्सिली घेऊन आले होते. पण कागदाला हात लावायला बेटाने साफ नकार दिला. बेटावर मासळीचे वाटे घालणाऱ्या लुहिआनोच्या पणजोबांनी एकदा अशाच कागदावर अंगठा उठवला होता. संध्याकाळी कळलं, बेट गेलं. तेव्हापासून कागद दिसला की मोतुफालाची माणसं आधी अंगठा मुठीत लपवतात.

म्हणून पडद्यामागे जायचं आणि हव्या त्या टोपलीत एक कवडी टाकायची. दोन तृतीयांश ‘होय’ आले की बेट आपलं आपण. साहेबांनी हे सगळं हसत हसत समजावलं. तिथेच घोटाळा झाला.

“एवढा का हसतोय हा?” लुहिआनोची थोरली बहीण फोउआ म्हणाली. “आपण गेलो होतो का मागायला? पाहुणा निघतो म्हणायच्या आधीच घरवाला त्याचं गाठोडं दारात आणून ठेवतो, तेव्हा काय समजायचं?”

“ताई, स्वतंत्र व्हायचंय आपल्याला.”

“हो, हो. आणि जहाज कुणाचं?”

जहाज दर तीन आठवड्यांनी यायचं आणि खडकांबाहेर उभं राहायचं. फोउआच्या दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारला होता. तिला इस्पितळात नेणारं दुसरं काही नव्हतं. तिने साहेबांना तोंडावर विचारलं. “जहाज येत राहावं अशी आमची प्रामाणिक इच्छा आहे,” साहेब म्हणाले. शिळा मासा हुंगावा तशी ती ‘इच्छा’ फोउआने हुंगून पाहिली आणि नाक मुरडलं.

लुहिआनोने मात्र आपली कवडी ‘होय’मध्येच टाकली. त्याला पणजोबांचा अंगठा परत हवा होता.

मोजायलाही लुहिआनोच बसला. चाळीस वर्षं होड्या लागल्या की किनाऱ्यावर सगळी मासळी एकत्र ओतली जायची आणि तो वाटे घालायचा. माणशी सारखे. होडीवाल्याला जास्त नाही, आजाऱ्याला कमी नाही. साहेब उतरले त्या दिवशी त्यांच्याही नावाचा वाटा बाजूला पडला. साहेबांना ती लाच वाटली. त्यांनी तशी नोंद करून मासा खाल्ला.

होय, बासष्ट. नाही, एकोणीस.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. “मोतुफाला स्वतंत्र!” ते म्हणाले. “नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा मोजलं की शिक्कामोर्तब. तोवर मी आमच्याकडे रेडिओवर कळवून येतो.” आणि ते बाहेर पळाले.

सभाघरात एकेकाची मान वळायला लागली. एकोणीस कोण? शेजारचा? जाऊबाई? एक्याऐंशी मतांच्या बेटावर दुपारपर्यंत सगळं कळलं असतं आणि एकोणीस घरांची अंगणं लोकांनी टाळली असती. फोउआ मान खाली घालून चटईची वीण मोजत होती. तिला विणीत कधीच रस नव्हता.

लुहिआनोने बहिणीकडे पाहिलं. मग टोपल्यांकडे. एक काठोकाठ भरलेली. दुसरीचं बूड दिसत होतं. त्याचा हात आपोआप उठला. चाळीस वर्षांत तो हात असल्या दोन ढिगांसमोर कधी स्वस्थ बसला नव्हता. सगळे बघत होते. कुणी तो हात धरला नाही.

साहेब परत आले. दुसरी मोजणी झाली. होय, चाळीस. नाही, चाळीस. एक कवडी उरली. लुहिआनोने ती साहेबांच्या तळहातावर ठेवली.

“ही तुमची. पाहुण्याचा वाटा.”

“अहो, पण बासष्ट होत्या!”

“होत्या ना. आणि एकोणीस माणसं कमी घेऊन घरी निघाली होती, साहेब. या बेटावर तसं कुणी जात नाही.”

साहेबांनी कवड्या उलट्या केल्या, उजेडात धरल्या, एक कानाला लावली. “नका शोधू,” बेटाचा म्हातारा मुखिया कोलोउएई म्हणाला. “सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून तर निवडल्या.”

फोउआ भावाजवळ सरकली. “गाढवा,” ती हळूच म्हणाली, “जिंकला होतास की.”

साहेबांनी अहवालात लिहिलं : निकाल नाही, कारण समजले नाही. मुखियालाही काही लिहून द्यायचं होतं. त्याने पेन्सिल मागितली, तेव्हा सभाघरात सगळ्यांचे अंगठे मुठीत गेले. पत्राखाली सही नव्हती. लुहिआनोने मूठ उघडली आणि अंगठा उठवला. घराण्यातला दुसरा.

“महोदय, वेगळे होणे म्हणजे वाटणी, हे आमच्या सभेस मान्य आहे. वाटणी आमच्याकडे एकाच रीतीने होते. कोणीही कमी घेऊन घरी जाणार नाही, याची हमी देण्यात येते. आमचे बेट किनाऱ्यावर हजर आहेच. तरी आपल्या देशाने आपली सर्व जमीन, मेंढरे, इस्पितळे आणि सदर जहाज येत्या भरतीला येथे आणून एकत्र ओतावे, म्हणजे श्री. लुहिआनो माणशी सारखे वाटे घालतील, ही नम्र विनंती.”